ट्यून केलेल्या टर्बो गाडीला स्पार्क प्लग कोणता? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

रीमॅपिंगचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं, नागपुरात आता नवल राहिलेलं नाही. पोलो, व्हर्टस, ऑक्टेव्हिया, आय-२० एन लाइन, पेट्रोल थार, झालंच तर अजून जिवापाड जपलेल्या लिनिया टी-जेट. मॅप झाला की सगळ्यांचे मालक एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: "भाऊ, प्लग कोणते टाकू?" त्यावर ग्रुपांवर मिळणारी उत्तरं बहुतेक बाहेरच्या देशांतल्या, दुप्पट ताकदीच्या गाड्यांवरून उचललेली असतात. खालचे प्रश्न गॅरेजात रोज कानावर पडणारे आहेत आणि जसे आठवले तसे लिहिलेत. डिझेलवाल्यांनी इथूनच परत फिरावं, तुमच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच.

स्टेज वन मॅप मारला. आता थंड प्लग टाकलेच पाहिजेत का?

नाही. नवे प्लग मात्र टाकलेच पाहिजेत, आणि या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात.

स्टेज वनमध्ये फक्त सॉफ्टवेअर बदलतं, म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) वाढतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं पुढे सरकतं. तीस-चाळीस हजार किलोमीटर चाललेले प्लग कंपनीच्या बूस्टवर निमूट चालत असतात. तेच वाढलेल्या बूस्टवर मिस मारायला, म्हणजे मधूनच पेटायचे चुकायला लागतात. मालकाला वाटतं मॅप फसला. ट्यूनरला फोन करून भांडायच्या आधी प्लग बदला. कंपनीने सांगितलेल्याच हीट रेंजचे (थंड-गरमपणाचा नंबर, पुढे येतोच), नवे, गॅप (दोन टोकांमधलं अंतर) जराशी कमी केलेले. बहुतेक स्टेज वन गाड्यांचं काम एवढ्यात भागतं.

तुमच्या ट्यूनरने मॅप लिहिताना एखादा ठरावीक प्लग धरला असेल, तर त्याचं ऐका. मॅप त्याने लिहिलाय, मी नाही.

थंड प्लग आणि गरम प्लग म्हणजे नेमकं काय? ठिणगी थंड असते का?

ठिणगीचा यात काही संबंध नाही. प्लगच्या टोकाला बसलेली उष्णता किती लवकर सिलिंडर हेडमध्ये उतरते, एवढाच हा मामला. मधल्या पांढऱ्या सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णतेची वाट लांबते आणि टोक गरम राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते. तो थंड. दोन वेगळ्या नंबरांचे प्लग शेजारी धरून तोंडातून आत डोकावलं तर सिरॅमिक किती खोल गेलंय यातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

चालत्या इंजिनात टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं पाहिजे. त्याखाली गेलं की काजळी जळून जात नाही, साचत जाते. वर गेलं की टोक लालभडक होऊन ठिणगी पडायच्या आधीच हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटवतं. याला प्री-इग्निशन म्हणतात, आणि पिस्टनला भोक पाडायला ते फार वेळ घेत नाही. एनजीके या प्लग कंपनीच्या हिशेबाने एक नंबर थंड गेलं की टोक ७० ते १०० अंशांनी उतरतं. टायमिंग (क्रँकच्या फिरण्याच्या) १० अंशांनी पुढे घेतलं तर जवळजवळ तितकंच चढतं. मॅप झाल्यावर हीट रेंजचा विषय निघतो तो या हिशेबामुळे.

एनजीकेमध्ये ७ थंड, बॉशमध्ये ७ गरम. हा काय घोळ आहे?

घोळ खराच आहे आणि दुकानदारही त्यात अडकतात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. शिवाय एनजीके आणि डेन्सोची पट्टीही एक नाही: एनजीकेचा ५ म्हणजे डेन्सोचा १६, ६ म्हणजे २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४ आणि ९ म्हणजे २७. काउंटरवर "एक नंबर थंड द्या" एवढंच म्हणून चालत नाही, पूर्ण कोड लिहून न्या.

कोड वाचायचा कसा?

बीकेआर६ईआयएक्स-११ घ्या. बी म्हणजे १४ मिमीचा आटा. के म्हणजे १६ मिमीचा पाना लागणारी षटकोनी बॉडी. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. ६ ही हीट रेंज. ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी. आयएक्स म्हणजे इरिडियम मालिका. शेवटचा ११ म्हणजे कंपनीतून येणारी गॅप १.१ मिमी, जी ट्यून केलेल्या टर्बोला सरळसरळ जास्त आहे. फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या ईए८८८ इंजिनांत पीएफआर७एस८ईजी हा प्लग सापडतो. त्यातला ७ हीट रेंजचा आणि ८ म्हणजे ०.८ मिमी गॅप. म्हणजे ती गाडी कंपनीतूनच ७ वर आलेली आहे. "७ टाकला, आता थंड झाला" असं ज्याला वाटतं त्याने जुना प्लग काढून आधी त्याच्यावरचा नंबर वाचावा.

आर नसलेले प्लग रेसिंगच्या नावाखाली विकले जातात, ते घेऊ नका. रेझिस्टर नसेल तर ठिणगीचा गोंगाट ईसीयू आणि सेन्सरच्या वायरींत शिरतो.

आट्याची जाडी आणि लांबी यात अंदाजपंचे अजिबात नको. बऱ्याच नव्या छोट्या टर्बो इंजिनांना १२ मिमीचा आटा असतो. लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला लागतो, कमी झाली तर हेडचे उघडे आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसताना तेच आटे फाटतात.

मग माझ्या गाडीला किती नंबर थंड जाऊ?

७५ ते १०० अश्वशक्ती वाढली की एक नंबर थंड, असा ढोबळ नियम एनजीके सांगते. तो जसाच्या तसा आपल्या तीन सिलिंडरच्या एक लिटर इंजिनाला लावता येत नाही, कारण तिथे वाढलेली ताकद तिघांतच वाटली जाते. पण दिशा कळते.

माझा कल असा. पोलो किंवा रॅपिड १.० टीएसआय, कंपनीची ११० पीएस, स्टेज वन, रोज धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स: कंपनीचीच हीट रेंज. व्हर्टस किंवा टायगुन १.५, कंपनीची १५० पीएस, स्टेज वन: तेच. डाउनपाइप (टर्बोनंतरचा मोठा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) आणि स्टेज टू मॅप असेल तर एक नंबर थंड. ऑक्टेव्हिया आरएस २३० सारखी गाडी, जिची ताकद आधीच भरपूर आहे आणि मॅपनंतर आणखी साठ-सत्तर पीएस चढतात, तिला स्टेज वनलाही एक नंबर थंड देणं गैर नाही. टर्बोच बदलला असेल तर दोन नंबरांची गोष्ट करता येते, पण अशी गाडी असणाऱ्याला हे पान वाचायची गरज नसावी.

एकाच वेळी दोन नंबर थंड जाऊ नका. "जास्त थंड म्हणजे जास्त सेफ" हा हिशेब शहरात उलटा पडतो. वर्धा रोडच्या सिग्नलवर एसी लावून उभी राहणारी, चार-पाच किलोमीटर चालून बंद होणारी गाडी त्या प्लगचं टोक ५०० अंशांपर्यंत नेतच नाही. डिसेंबरातल्या सकाळी ती पहिल्या सेल्फला थरथरते, मग आठवड्याने चेक लाइट लागतो.

गॅप किती ठेवायची?

माझ्या मते हीट रेंजपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

दोन टोकांमधली हवा फोडून ठिणगीला उडी मारायची असते. सिलिंडरमधला दाब जितका जास्त आणि अंतर जितकं जास्त, तितकं जास्त व्होल्टेज लागतं. बूस्ट वाढवला म्हणजे दाब वाढला. ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल मात्र तीच आहे. तिची मर्यादा संपली की ठिणगी एक तर पडत नाही किंवा भलत्याच वाटेने जाते. म्हणून दाब वाढला की अंतर कमी करायचं.

कंपनीतून आलेल्या टर्बो पेट्रोल गाड्यांत गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास असते. स्टेज वनला ०.७, स्टेज टूला ०.६५ ते ०.६. याच्या खाली जायचं कारण रस्त्यावरच्या गाडीत क्वचितच असतं. ०.५ वर नेली की ठिणगी इवलीशी होते, आयडलला मिश्रण नीट पेटत नाही आणि गाडी सिग्नलवर हलत राहते. उगाच बारीक गॅप ठेवून कोणाची ताकद वाढलेली नाही. फुल थ्रॉटलला मिस मारत नाही अशी सर्वांत मोठी गॅप हीच चांगली गॅप.

डब्यातून काढलेला प्लग थेट लावू का? वर "प्री-गॅप्ड" लिहिलंय.

मोजून लावा. कुरिअरने आलेला डबा कुठे कुठे आपटलाय ते आपल्याला माहीत नसतं. एका सेटमधल्या चार प्लगांत गॅप वेगवेगळी निघणं अगदी नेहमीचं आहे.

मोजायला तारेचा गेज वापरा. नाण्यासारखा गोल, कडेने जाड होत जाणारा स्वस्त गेज इरिडियमला वापरू नका. तो मधल्या टोकावर टेकतो, आणि ते टोक एनजीके इरिडियम आयएक्समध्ये ०.६ मिमी तर डेन्सो इरिडियम पॉवरमध्ये फक्त ०.४ मिमी जाड असतं. बोटाच्या जोरानेही तुटतं. वाकवायची ती फक्त बाजूची पट्टी, तीही पकडीने हळूहळू, मधल्या टोकाला धक्का न लावता. गॅप कमी करताना काही जण प्लग फरशीवर ठोकतात. बाइकच्या निकेल प्लगला ते खपून जायचं, इथे नाही.

इरिडियम, प्लॅटिनम, की साधा निकेल?

आधी एक गैरसमज. "कॉपर प्लग" म्हणून जो मिळतो त्याच्या टोकाला तांबं नसतं, निकेलचा मिश्रधातू असतो. तांबं आतल्या गाभ्यात असतं, आणि ते महागड्या इरिडियममध्येही असतं.

इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, निकेल १४५५ ला. इरिडियम कडकही असल्यामुळे टोक खूप बारीक ठेवता येतं आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. कॉइलवरचा ताण वाढलेल्या ट्यून गाडीत हा सरळ फायदा आहे. म्हणून रोजच्या वापराच्या गाडीला मी इरिडियमच सांगतो.

निकेलची बाजूही आहे. तो स्वस्त पडतो, दर दहा हजाराला फेकून नवा टाकायला जीव चुकचुकत नाही, आणि मॅप वारंवार बदलत असाल, वेगवेगळ्या गॅप करून बघत असाल, तर प्रयोगासाठी तोच बरा. पण बदलायचा कंटाळा असेल तर निकेलच्या वाटेला जाऊ नका. झिजला की गॅप आपोआप वाढत जाते आणि तुम्ही पुन्हा होतात तिथेच.

नागपुरात ४५ अंश तापमान असतं. इथे तरी थंड प्लग लागेलच ना?

हा खास आपला प्रश्न आहे, पुण्याचे लोक विचारत नाहीत. उत्तर पुन्हा नाहीच.

बाहेर २५ ऐवजी ४५ अंश असले तरी प्लगच्या टोकाला त्या वीस अंशांनी फारसा फरक पडत नाही, ते शेकडो अंशांत जगतं. नवतपा सुरू झाला की मार बसतो तो आत जाणाऱ्या हवेवर. टर्बो हवा दाबतो म्हणून ती तापते, इंटरकूलर ती गार करतो, पण बाहेरचीच हवा भट्टीसारखी असेल आणि गाडी सीताबर्डीच्या गर्दीत रांगत असेल तर इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. टट्ट्या वाळलेल्या कूलरसारखा, पंखा जोरात आणि वारा गरम. गरम हवेने नॉकिंग (मिश्रण आपोआप, वेडंवाकडं पेटणं) वाढतं, नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि गाडी दुपारी दोनला ओढत नाही. तीच गाडी रात्री अकराला रिंग रोडवर पाखरासारखी जाते. यात प्लगचा दोष काहीच नाही.

उन्हाळ्यासाठी काही करायचंच असेल तर खर्च इंटरकूलरवर करा, कूलंट आणि रेडिएटरचा पंखा तपासा, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, आणि ट्यूनरला इनटेक हवेच्या तापमानानुसार टायमिंग कसं कापलं जातंय ते लॉगमध्ये (गाडी चालवताना घेतलेल्या ईसीयूच्या नोंदीत) दाखवायला सांगा. दुसऱ्या गावी जानेवारीत लिहिलेला मॅप आपल्या मे महिन्यात तपासलेला नसतो, ही खरी काळजीची गोष्ट.

समृद्धीवर जातो. लांब पल्ल्याला प्लग तापत नाहीत का?

नाही. समृद्धीवर कारची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि सपाट काँक्रीटवर तेवढा वेग राखायला गाडीच्या ताकदीचा थोडाच हिस्सा लागतो. बूस्ट जेमतेम असतो. उलट शिवमडक्यापासून सलग दोन-तीन तास एका वेगाने चालणं प्लगसाठी चांगलं, शहरात साचलेली काजळी जळून जाते. टोक तापतं ते सतत फुल थ्रॉटल असताना: चार माणसं आणि सामान घेऊन चिखलदऱ्याचा घाट, छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाट. अशा ठिकाणी तुमची गाडी नेहमी दामटली जात असेल तर हीट रेंज ठरवताना ट्यूनरला ते सांगा.

ई-२० पेट्रोलमुळे प्लग बदलावा लागतो का?

गडकरींच्या गावात एथेनॉलचा विषय निघाला की चहा गार होतो, म्हणून मुद्द्यापुरतंच बोलतो. एथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रणाला पेट्रोलचं प्रमाण थोडं वाढवून लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर हे सांभाळून घेतो. एथेनॉल उडून जाताना हवा जास्त गार करतो आणि त्याचा ऑक्टेन चांगला असतो. साधं ई-२० हे ९५ ऑक्टेनचं असल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे प्लगच्या दृष्टीने ई-२० हा शत्रू नाही. हीट रेंज बदलायची गरज नाही.

एकच सांभाळा. तुमचा मॅप जुना असेल आणि इंजेक्टर किंवा पेट्रोल पंप आधीच मर्यादेवर चालत असतील, तर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊ शकतं. पातळ मिश्रण प्लग तापवतं. हे प्लग बदलून सुटत नाही, लॉग काढूनच कळतं.

ऑक्टेन बूस्टरची बाटली ओततो. चालेल?

चांगलं ९५ ऑक्टेन पेट्रोल पंपावर मिळत असताना बाटली कशाला? काही बूस्टरांत फेरोसीन म्हणजे लोखंडाचं, तर काहींत मँगनीजचं संयुग असतं. ते जळल्यावर सिरॅमिकच्या नाकावर विटकरी-नारिंगी थर बसतो. गंज चढल्यासारखा दिसतो. फेरोसीनचा थर तर तापल्यावर वीज वाहू देतो, त्यामुळे ठिणगी टोकावरून उडायच्या ऐवजी थरावरून घसरून जाते. प्लग काढल्यावर असा रंग दिसला की बाटली कुणी ओतली ते मालकाने सांगायची गरज उरत नाही.

तिसऱ्यात दाबली की गाडी झटके मारते. प्लग की कॉइल?

"भाऊ, तीन हजारावर आली का अडकून राहिली," हे वाक्य ऐकलं की आधी गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावायचा. पी०३०० म्हणजे मिसफायर आहे पण कोणत्या सिलिंडरला ते ठरत नाही. पी०३०१, पी०३०२ म्हणजे पहिला, दुसरा सिलिंडर. पी०३०२ आला तर दुसऱ्याची कॉइल काढून तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, प्लग हलवू नका, कोड पुसा आणि तशीच दाबून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग अदलाबदल करून तोच खेळ पुन्हा. फुकटात होतं, आणि चारही कॉइल बदलायचं बिल टळतं.

कॉइल काढलीच आहे तर प्लगचं वरचं पांढरं सिरॅमिक उजेडात धरून बघा. वरच्या टोकापासून षटकोनापर्यंत उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत उडायच्या ऐवजी बाहेरून धावतेय. गॅप जास्त आहे किंवा कॉइलचं रबरी बूट फाटलंय. बूट तसंच ठेवून नुसता प्लग बदलला तर नव्या प्लगवर तीच रेघ येते, कारण खूण बुटाच्या आतही उमटलेली असते. षटकोनाच्या लगेच वर सिरॅमिकला तपकिरी कडं दिसतं ते मात्र वेगळं. त्याला बघून "गॅस लीक आहे, प्लग गेला" असं सांगणारे भेटतात. ते कडं उच्च व्होल्टेजच्या क्षेत्रात तेलाचे कण चिकटून पडतं, त्याने काही बिघडत नाही.

झटक्याऐवजी गाडी नुसतीच मंद झाली असेल आणि फुस्स असा आवाज येत असेल तर प्लगला हात लावू नका, बूस्टची होज तपासा.

प्लग काढून रंग बघितला. पांढरा आहे. घाबरू का?

पांढऱ्या रंगाला एकट्याने घाबरू नका. "गोरा प्लग म्हणजे लीन (पातळ मिश्रण)" हा धडा कार्ब्युरेटर आणि शिसंयुक्त पेट्रोलच्या जमान्यातला. आजचं शिसंविरहित, एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणि नीट चालणारं इंजिन यात सिरॅमिक पांढरट किंवा फिकट बदामीच राहतं.

घाबरायचं ते सिरॅमिकवर बारीक फोड, चकाकी किंवा चीर दिसली तर. भिंगातून मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा चमचमते ॲल्युमिनियमचे कण दिसले तर गाडी त्याच दिवशी दामटणं बंद करा: ते कण पिस्टनचे असतात. बाजूच्या पट्टीकडेही बघा. तापल्यामुळे तिचा रंग एका ठिकाणी बदललेला असतो. ती सीमा वळणाच्या आसपास असेल तर हीट रेंज बरोबर आहे. सीमा खाली, पट्टी जिथे जोडलीय तिथवर उतरली असेल तर प्लग फार गरम. टोकाशीच राहिली असेल तर फार थंड. कोरडी काळी काजळी म्हणजे प्लग थंड किंवा मिश्रण जाड. ओलं काळं तेल आलं तर प्लगचा विषय संपला, मग रिंग, व्हॉल्व सील किंवा टर्बोचं सील. आणि तेल प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) वरून साचलं असेल तर बहुधा टॅपेट कव्हरची गॅस्केट.

पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला दाबली की आतून ठक् असा आवाज येतो.

दाबू नका, गिअर खाली घ्या. थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त लोडला लो-स्पीड प्री-इग्निशन नावाचा प्रकार होतो. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेल-पेट्रोलचा थेंब वेळेआधी पेटतो. मॅपने खालचा टॉर्क वाढवला की धोका वाढतो. थंड प्लग यावरचा उपाय नाही. एपीआय एसपी दर्जाचं ऑइल वापरा, हा दर्जा २०२० मध्ये आला आणि या त्रासाची चाचणी त्यात आहे. शिवाय खालचा टॉर्क ट्यूनरकडून थोडा कमी करून घ्या.

नकली प्लग कसा ओळखू?

भाव बाजारापेक्षा बराच कमी असेल तर तिथेच थांबा. हातात घेतल्यावर मधलं बारीक टोक आणि बाजूची पट्टी एका रेषेत आहेत का बघा, नकली मालात तिरपी असतात. टोकाचा वेल्ड सगळीकडून सारखा हवा. सिरॅमिकवरची छपाई नखाने खरवडून निघायला नको. वॉशर आट्यावर फिरायला हवा पण सहज गळून पडायला नको. चार प्लगांचे बॅच नंबर आणि छपाईची जागा जुळवा. शंका आली तर ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. दोन-चारशे वाचवून इंजिनात अनोळखी सिरॅमिक सोडण्यात शहाणपण नाही.

घरी बदलू शकतो का? किती घट्ट करायचा?

करू शकता, इंजिन पूर्ण गार असेल तर. मे महिन्यात "गार" व्हायला रात्र जाते. तापलेल्या ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोबत निघू शकतात. कॉइल काढल्यावर विहिरीत आधी हवा मारा. आपल्याकडची धूळ आणि गिट्टीचे बारीक कण तिथे जमलेले असतात आणि प्लग निघाला की थेट सिलिंडरमध्ये पडतात.

नवा प्लग पहिले काही फेरे हातानेच फिरवा. अडला तर काढून परत लावा, पाना लावून जोर करू नका. नंतर टॉर्क रेंच: वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. आट्याला अँटी-सीझ लावायची गरज नाही, चांगल्या प्लगच्या आट्यावर मुलामा असतो. वंगण लावून तेवढाच टॉर्क दिला तर प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. ढिला राहिला तर आणखी वाईट, कारण उष्णता हेडमध्ये उतरते ती याच बैठकीतून आणि आट्यांतून. नीट न आवळलेला थंड प्लग गरम प्लगसारखा वागतो.

किती किलोमीटरला बदलू?

कंपनीचा आकडा ट्यून नसलेल्या गाडीसाठी आहे, ट्यून गाडीला तो अर्धा धरा. इरिडियम २० हजारांना काढून गॅप मोजा, वाढली असेल आणि टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तर बदला. निकेल दहा हजारांना.

मॅप नाही, फक्त ट्यूनिंग बॉक्स लावलाय. तरी हे सगळं लागू?

जास्तच लागू. बॉक्स बूस्ट सेन्सरला खोटा आकडा दाखवून दाब वाढवतो. टायमिंगचा नकाशा जुनाच राहतो. गॅप कमी करा, हीट रेंज तीच ठेवा.

वॉरंटी, विमा, आरटीओ?

त्याच कोडचे प्लग टाकल्याने काही होत नाही. मॅपची गोष्ट वेगळी. सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर लावला की मॅप उघडकीला येऊ शकतो, फोक्सवॅगन समूहात तर गाडीच्या नोंदीवर टीडी१ अशी खूणच पडते आणि इंजिनची वॉरंटी हातची जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी न सांगितलेल्या बदलाकडे बोट दाखवू शकते. एमएच-३१ असो की एमएच-४९, हे सगळीकडे सारखंच.

चांगल्या प्लगने पिकअप वाढतो का?

झिजलेले काढून नवे टाकले तर गेलेला पिकअप परत येतो. चांगल्या स्थितीतल्या प्लगच्या जागी महागडे टाकून वाढत नाही.

एकाच सिलिंडरचा प्लग खराब निघाला. एकच बदलू?

तात्पुरतं घरी पोहोचायचं असेल तर हो. एरवी पूर्ण सेट, एकाच कोडचा, एकाच गॅपचा. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने नंबर टाकून डब्यात ठेवा आणि पुढच्या वेळी ट्यूनरकडे जाताना सोबत न्या.